लेडोची मालगाडी

आगगाडीच्या प्रवासात आपल्याला सर्वांत अधिक राग कोणाचा येत असेल, तर तो मालगाडीचा. आपली गाडी कुठल्याशा आडगावच्या स्टेशनाबाहेर उभी असते, डब्यातली मुले कंटाळून रडू लागलेली असतात, बाटलीतले पाणी तळाला गेलेले असते, आणि शेजारच्या रुळावरून एक लांबच लांब मालगाडी आपले साठ-सत्तर डबे ओढीत डुलत निघून जाते. डब्यातले कोणीतरी हमखास म्हणते, "माणसांना अडकवून ठेवायचे आणि कोळशाला आधी सोडायचे! काय हा कारभार!"

एरवी हा राग घटकाभराचा. गाडी हलली, वारा लागला, शेजाऱ्याने डबा उघडून चिवडा पुढे केला, की आपण तो विसरतो. परंतु देशाच्या वेशीवर युद्ध येऊन ठेपते, तेव्हा 'आधी कोणी जायचे' हा प्रश्न घटकाभराचा राहत नाही. रूळ तेवढेच, इंजिने तेवढीच आणि वाघिणीही तेवढ्याच. त्यांतून सरकारचा माल न्यायचा म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी माल धक्क्यावर पडून राहायचा. दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न ज्या मार्गावर सर्वांत कठीण झाला, तो मार्ग आपल्याच देशात होता. कलकत्त्याहून निघून तो आसामच्या पूर्वेच्या टोकाला, लेडो नावाच्या कोळशाच्या खाणीच्या गावी जाऊन संपत असे.

ह्या मार्गाविषयी वाचल्यापासून तो एकदा डोळ्यांनी पाहावा असे माझ्या मनात होते. गेल्या हिवाळ्यात सौभाग्यवतीला 'कामाख्येचे दर्शन घडवतो' असे सांगून मी तिकिटे काढली. दर्शन खरोखरच उत्तम घडले. पण त्यापुढचे आठ दिवस आपण रुळांच्या कडेकडेने हिंडणार आहोत, हे तिला गुवाहाटीला पोहोचल्यावर कळले. ती म्हणाली, "देवीला सगळे ठाऊक असते. मला मात्र आधी सांगत जा."

मुंबईहून गुवाहाटीला गाडीने जायचे तर दोन दिवसांहून अधिक वेळ लागतो. पहिला दिवस आपल्या ओळखीच्या मुलखात जातो, दुसरा गंगेच्या सपाट खोऱ्यात. मग न्यू जलपाईगुडी येते, चहाचे मळे दिसू लागतात आणि डब्यातली भाषा पालटते. मी गुडघ्यावर नकाशा पसरून बसलो होतो. आमची गाडी ज्या वाटेने चालली होती, ती युद्धातली वाट नव्हेच. जुनी वाट पार्वतीपूर, लालमणिरहाट अशी जात असे आणि ती गावे आज बांगलादेशात आहेत. १९४७ साली फाळणी झाली आणि आसामचा रेल्वेमार्ग एका रेघेने तुटला. मग किशनगंजपासून फकिराग्रामपर्यंत, हिमालयाच्या पायथ्याच्या नद्या ओलांडीत, सुमारे १४२ मैलांचा नवा दुवा दोन वर्षांत घातला गेला आणि २६ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे प्रजासत्ताकाच्या पहिल्याच दिवशी, तो उतारूंसाठी उघडला. करनैल सिंग हे त्या कामाचे मुख्य इंजिनियर होते. आज आसामला जाणारा प्रवासी खिडकीतून चहाचे मळे पाहतो, पण आपण कोणत्या पराक्रमावरून चाललो आहोत हे त्याला कोणी सांगत नाही.

आता जुन्या वाटेची हकीकत ऐका. ती लढाईसाठी मुळी बांधलीच नव्हती. ती बांधली होती चहासाठी. मळ्यांतल्या पेट्या बंदरापर्यंत पोहोचवाव्यात, परतताना मजुरांसाठी तांदूळ आणि मीठ आणावे, एवढेच तिचे काम. युद्धापूर्वी ती दिवसाला सुमारे ६०० टन माल नेऊ शके. चौदाव्या सैन्याचे सेनापती जनरल स्लिम यांनी आपल्या आठवणींत हा आकडा दिला आहे.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि दोन-तीन महिन्यांत सारा ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला. ज्या आसामला तोवर देशाचे परसदार समजत, ते एका रात्रीत महाद्वार झाले. त्या उन्हाळ्यात ह्या रुळांवर उलटसुलट दोन पूर आले. सैन्य आणि दारूगोळा पूर्वेकडे जात होता, आणि ब्रह्मदेशातून डोंगर तुडवीत पायी आलेले लाखो निर्वासित, त्यांत बहुतेक आपले हिंदी लोक, पश्चिमेकडे येत होते. त्यांच्यासाठी छावण्या उभारण्यात आणि वाटा काढण्यात चहामळ्यांच्या मजुरांनी अपार कष्ट केले.

त्यानंतर ह्या एका रेल्वेच्या दारात तीन मोठी गिऱ्हाईके येऊन उभी राहिली. पहिले, मणिपूरच्या आघाडीवरचे ब्रिटिश-हिंदी सैन्य. दुसरे, आसामातले विमानतळ. चीनला जाणारा ब्रह्मदेशचा रस्ता बंद पडल्यामुळे चाबुआ, दिनजान, मोहनबाडी अशा विमानतळांवरून हिमालयाच्या खांद्यावरून चीनला रसद जाऊ लागली होती, आणि त्या विमानांना लागणारे पेट्रोल आधी आसामपर्यंत यायला हवे होते. तिसरे गिऱ्हाईक म्हणजे अमेरिकनांचा नवा रस्ता. लेडोपासून जंगले आणि डोंगर फोडून तो जुन्या ब्रह्मदेश रस्त्याला मिळवायचा होता. त्याची यंत्रे, पुलांचे लोखंड, मजुरांचे अन्न, सारे ह्याच रुळांवरून.

आणि रूळ तरी कसे? कलकत्त्याहून पार्वतीपूरपर्यंत साडेपाच फुटांचा ब्रॉडगेज. तिथे सारा माल उतरवून मीटरगेजच्या लहान वाघिणींत भरायचा. तो हमालांनी डोक्यावरून, पाठीवरून, पेटी-पेटी करून भरायचा. पुढे मीटरगेजवरून ब्रह्मपुत्रेच्या उत्तर काठी आमिनगाव. तिथे पूल नाही! वाघिणी तराफ्यांवर चढवायच्या, पलीकडे पांडूला उतरवायच्या, पुन्हा इंजिन जोडायचे. मग लमडिंग, मणिपूर रोड, मरियानी, तिनसुकिया आणि शेवटी लेडो. बोटीतून कलकत्त्याच्या गोदीत उतरलेली बिस्किटांची पेटी लेडोला पोहोचेपर्यंत किती हातांतून जात असेल, ह्याचा हिशेब वाचकांनीच करावा.

पांडूचा घाट पाहण्यासाठी आम्ही गुवाहाटीहून रिक्षा केली. रिक्षावाल्याला 'जुना रेल्वेचा घाट' हे चटकन समजेना, कारण १९६२ च्या अखेरीस सराईघाटचा पूल वाहता झाला आणि घाटाचे काम संपले. ब्रह्मपुत्रेवरचा तो पहिला पूल. वर रस्ता, खाली रेल्वे. काठावर उभे राहून पाहिले तर पाण्याचा पट डोळ्यांत मावत नाही. तिथले लोक ब्रह्मपुत्रेला नदी म्हणत नाहीत, नद म्हणतात, पुरुष मानतात. पात्राकडे पाहिल्यावर ते मला पटले. सौ. म्हणाली, "पुरुष असणारच. पावसाळ्यात घर सोडून भलतीकडे भटकतो म्हणतात ना?" विनोद सोडा, पण ते खरेच आहे. पावसाळ्यात पाणी चढले की घाटाची जागा आणि रुळांची टोके सरकवावी लागत, आणि तराफ्यांची ये-जा मंदावे. दोन्ही काठांवर वाघिणींच्या रांगा तटून राहत. युद्धातल्या सेनापतींना जपान्यांची जेवढी चिंता होती, तेवढीच ह्या घाटाची होती.

ह्या घोळातून वाट काढण्यासाठी अमेरिकनांनी एक प्रस्ताव मांडला: रेल्वे आमच्या लष्करी रेल्वेवाल्यांच्या ताब्यात द्या. हिंदुस्थान सरकार आणि रेल्वेचे अधिकारी प्रथम फारसे राजी नव्हते. परक्या लष्कराच्या हाती रेल्वे गेली तर रयतेच्या मालाचे काय, ही त्यांची शंका अगदीच अनाठायी नव्हती. पण निकड मोठी होती. १ मार्च १९४४ रोजी कटिहारपासून लेडोपर्यंतच्या सुमारे ८०४ मैलांच्या मार्गावर अमेरिकनांचे काम सुरू झाले. नोकरवर्ग बंगाल-आसाम रेल्वेचाच राहिला, नागरी कारभारही तिचाच. लष्करी वाहतूक कशी धावायची ते मात्र अमेरिकन ठरवू लागले.

आलेले सैनिक म्हणजे कोणी बंदूकबहाद्दर नव्हते. ते घरचे रेल्वेवालेच होते. अमेरिकेत युद्धकाळी अशी पद्धत होती की एकेका रेल्वे कंपनीने एकेका पलटणीचा पुरस्कार करायचा आणि आपल्यातले ड्रायव्हर, गार्ड, यार्डमास्तर, फिटर तिला पुरवायचे. न्यूयॉर्क सेंट्रल, वॉबॅश, टेक्सस अँड पॅसिफिक अशा बड्या कंपन्यांची माणसे अशा रीतीने रंगपूर आणि लमडिंगला येऊन पडली. गाड्या चालवणाऱ्या पाच पलटणी आणि कारखान्याची एक, मिळून साडेचार हजारांच्या आसपास माणसे. घरी त्यांनी चार फूट साडेआठ इंचांच्या रुळांवर राक्षसासारखी इंजिने हाकलेली. इथले मीटरभर रुंदीचे रूळ पाहून त्यांना ही मुलांची खेळण्यातली गाडी वाटली असल्यास नवल नाही.

त्यांनी गाड्या लांब केल्या, जिथे चढ तिथे दोन इंजिने लावली, स्टेशनांवर आपली माणसे बसवून गाड्या खोळंबू देईनात, आणि आलेली वाघीण ताबडतोब रिकामी झालीच पाहिजे असा धोशा लावला. रेल्वेच्या धंद्यात एक साधे सत्य आहे, ते आपल्यासारख्यांच्या ध्यानी येत नाही. गाडी किती वेगाने धावते यापेक्षा वाघीण किती लवकर रिकामी होऊन परत येते, ह्यावर सारे अवलंबून असते. उभी वाघीण म्हणजे गोदाम. धावती असेल तरच ती वाघीण. अमेरिकेहून मीटरगेजची नवी इंजिनेही आली. त्यांना 'मॅकआर्थर' म्हणत, आणि युद्धानंतर कित्येक वर्षे ती आपल्याकडे राबत राहिली.

आकडे पाहा. युद्धापूर्वीचे दिवसाचे ६०० टन आपल्याच रेल्वेवाल्यांनी रेटून २,८०० पर्यंत नेले होते. ऑक्टोबर १९४४ पर्यंत ते ४,४०० झाले. कलकत्त्याजवळच्या बजबजहून तिनसुकियापर्यंत पेट्रोलचा नळ घातल्यावर रुळांवरचा तेवढा भार हलका झाला, हेही सांगितले पाहिजे. ह्या यशाचे श्रेय सगळीकडे अमेरिकनांना दिले जाते, आणि त्यातला त्यांचा वाटा त्यांना द्यायलाच हवा. पण साडेचार हजार माणसांनी आठशे मैल रेल्वे चालत नाही. रात्री कंदील घेऊन सांधे बदलणारा, खडी फोडणारा, इंजिनात कोळसा मारणारा, पार्वतीपूरला पेटी उचलणारा, तो आपलाच माणूस होता. लढाईच्या पुस्तकांत त्याचे नाव नाही, आणि 'हिंदी मजूर' ह्या दोन शब्दांत त्याची बोळवण झालेली आहे.

अशाच एका माणसाची गोष्ट मला लमडिंगला जाताना ऐकायला मिळाली. गुवाहाटीहून निघाल्यावर समोरच्या बाकावर एक वृद्ध बंगाली गृहस्थ येऊन बसले. अंगावर शाल, डोक्याला माकडटोपी, हातात स्टीलचा डबा. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, राहणार लमडिंगचे. मी त्यांना दादा म्हणत होतो आणि तेही मला दादाच म्हणत होते. बंगाल्यांत हे चालते. सौ.ला त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत 'बौदी' करून टाकले आणि डब्यातले नारळाचे लाडू तिच्या हातावर ठेवले. तिने आमच्या पिशवीतल्या शंकरपाळ्या दिल्या. मग काय, हिंदीतून गप्पा सुरू झाल्या.

"मी स्वतः मॅकआर्थर इंजिनामागच्या गाडीवर गार्ड होतो," ते म्हणाले. "पण तुम्हाला लढाईचे ऐकायचे असेल तर माझ्या बाबांचे ऐका. बाबा पांडू घाटावर नंबरटेकर होते."

नंबरटेकर म्हणजे वाघिणींचे आकडे वहीत टिपणारा कारकून. कोणती वाघीण केव्हा आली, तिच्यात काय आहे, ती केव्हा पलीकडे गेली, ह्याची नोंद त्याने ठेवायची.

"बाबा म्हणत, साऱ्या जगातल्या वस्तू मी पाहिल्या. पीठ, डबाबंद दूध, सिमेंट, तारा, बूट, साहेब लोकांची बिअर. सगळे माझ्या वहीतून वर गेले. आमचे घर मैमनसिंग जिल्ह्यात. तिथे आजी, जेठा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, जेठीमा आणि त्यांची मुले. बाबा दर महिन्याला पैसे पाठवीत. त्या वर्षी पत्र आले, पैसे मिळतात पण तांदूळ मिळत नाही. मिळाला तर पैसे पुरत नाहीत. बाबांना रेल्वेच्या दुकानातून स्वस्त तांदूळ मिळत होता. त्यांनी पोट मारून एक पोते जमवले. पण ते पाठवायचे कसे? पोत्याला परवाना हवा, परवान्याला वाघीण हवी. घाटावर हजार वाघिणी उभ्या, पण खाली जाणाऱ्या एकीतही ते पोते चढले नाही. रजा बंद होत्या. बाबा पौष महिन्यात घरी गेले तेव्हा जेठा नव्हते आणि धाकटी मुलगी नव्हती."

मी काही बोललो नाही. तेच पुढे म्हणाले, "बाबांनी त्याबद्दल कोणाला दोष दिला नाही. ते म्हणत, वर शिपाई होते, त्यांनाही जेवायचे होते. जपानी आला असता तर काय झाले असते? पण शेवटपर्यंत त्यांना आकडे पाठ होते, दादा. झोपेत वाघिणींचे नंबर म्हणत."

ते 'त्या वर्षी' म्हणजे १९४३. बंगालच्या त्या दुष्काळात किती माणसे गेली? सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने १९४५ साली पंधरा लाखांचा अंदाज दिला. पुढच्या अभ्यासकांचे अंदाज तीस लाखांपर्यंत जातात. ह्या संहाराचे खापर एकट्या रेल्वेवर फोडणे न्यायाचे होणार नाही. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला होता, ऑक्टोबर १९४२ मध्ये मिदनापूरला वादळाने झोडपले होते, युद्धाच्या पैशाने भाव आकाशाला भिडले होते, साठेबाजांनी हात धुऊन घेतले होते, आणि दूरच्या लंडनला बंगालसाठी पुरेशी जहाजे सोडायला सवड नव्हती. तांदूळ अजिबात नव्हता असे नव्हे, तो गरिबाच्या ऐपतीबाहेर गेला होता, हे अमर्त्य सेन यांनी पुढे दाखवून दिले.

तरीही वाहतुकीचा वाटा त्यात होताच. जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून १९४२ साली किनाऱ्याकडच्या जिल्ह्यांतल्या हजारो नावा सरकारने काढून घेतल्या किंवा मोडून टाकल्या होत्या. ज्या प्रदेशात नाव हीच बैलगाडी, तिथे सारा भार रेल्वेवर पडला. त्या रेल्वेची इंजिने, वाघिणी, इतकेच काय पण आडमार्गांचे उखडलेले रूळही मध्यपूर्वेच्या आघाडीवर गेले होते. जुलै १९४३ मध्ये दामोदर नदीने बरद्वानजवळ बांध फोडला आणि कलकत्त्याकडे येणारा मुख्य लोहमार्गच तुटला. आणि जे काही रूळ शिल्लक होते, त्यांवर पहिला हक्क सरकारी मालाचा. दिल्लीत युद्धवाहतुकीचे स्वतंत्र खाते होते, कोणत्या मालाला कितवा क्रमांक द्यायचा ते तिथे ठरे. भुकेला माणूस त्या यादीत फार खाली होता.

ऑक्टोबर १९४३ मध्ये लॉर्ड वेव्हेल व्हाइसरॉय झाले. ते स्वतः सेनापती होते. महिना संपण्याआधी ते कलकत्त्याला गेले, तिथले दृश्य पाहिले, आणि धान्य हलवण्यासाठी सैन्याला कामाला लावले. लष्कराच्या लॉऱ्या, लष्कराची माणसे, लष्कराची शिस्त. धान्य खेड्यापाड्यांत पोहोचू लागले. मला ह्या गोष्टीचे समाधान वाटते आणि तितकीच चीडही येते. हे नोव्हेंबरात होऊ शकले, तर जूनमध्ये का होऊ शकले नसते? तीच वाघीण तांदूळ वाहू शकत होती. तसा हुकूम द्यायला मात्र उशीर झाला.

लमडिंगला दादा उतरले. जाताना सौ.ला म्हणाले, "बौदी, दिमापूरला संत्री घ्या." आम्ही घेतली. फार गोड होती.

दिमापूर आज नागालँडचे मोठे गाव आहे. तिथे जायला परवाना लागतो, तो आधी काढून ठेवावा. युद्धकाळी स्टेशनाचे नाव 'मणिपूर रोड' होते. स्टेशनाभोवती सैन्याच्या कोठारांचा पसारा पडला होता, अकरा मैल लांब आणि एक मैल रुंद. जपान्यांना ते हाती लागते, तर सारे आसाम त्यांना मोकळे होते आणि लेडोची रेल्वे मधोमध कापली गेली असती. ४ एप्रिल १९४४ ला जपानी कोहिमाला येऊन भिडले. तिथून दिमापूर अवघे ४६ मैल. मूठभर शिपाई कोहिमाच्या टेकडीवर दोन आठवडे टिकून राहिले, आणि तेवढ्या वेळात मदत येऊ शकली.

ती मदत कुठून आली? आपल्या महाराष्ट्रातून! इंग्रजांचे दुसरे डिव्हिजन १९४२ पासून अहमदनगरच्या परिसरात तळ देऊन होते. देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला ते घाईघाईने हलवले, काही विमानाने, पण बरेचसे रेल्वेने, आणि शेवटी त्याच मीटरगेजवरून दिमापूरला. नगरच्या माळावर कवायत केलेली ती माणसे कोहिमाच्या चिखलात जाऊन लढली. आपली मराठा पलटणही दूर नव्हती. मार्चच्या अखेरीस सांगशाक येथे जपान्यांना थोपवून धरणाऱ्यांत ती होती, आणि ते सहा दिवस पुढे फार मोलाचे ठरले. त्याच एप्रिलच्या १४ तारखेला मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला. ती आठवण मुंबईच्या जुन्या घरांत अजून निघते. त्याच आठवड्यात देशाच्या दुसऱ्या टोकाला काय चालले होते, हे मात्र आपण सहसा लक्षात घेत नाही.

कोहिमाच्या स्मशानभूमीत १,४२० सैनिकांच्या समाध्या आहेत. वरच्या अंगाला दहन झालेल्या ९१७ हिंदू आणि शीख जवानांचे स्मारक आहे. आम्ही गेलो तेव्हा शाळेची मुले सहलीला आली होती आणि पायऱ्यांवर बसून डबे खात होती. ते पाहून बरे वाटले.

त्यानंतर मरियानीवरून तिनसुकिया. इथे चहा, तेल आणि कोळसा ह्या तिघांचा संसार एकत्र आहे. तिनसुकियाला रेल्वेचे एक वस्तुसंग्रहालय आहे. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी ते जरूर पाहावे. तिनसुकियाहून लेडोची गाडी सुटते. वाटेत दिगबोई येते, जिथे १९०१ पासून तेलशुद्धीचा कारखाना आहे, आणि मग मार्गेरिटा. आसामच्या जंगलात इटलीच्या राणीचे नाव कसे? इकडचा रेल्वेमार्ग बांधणारा मुख्य इंजिनियर इटालियन होता, त्याच्या सन्मानार्थ ते ठेवले म्हणतात.

आणि मग लेडो. मोठ्या अपेक्षेने उतरलेल्या प्रवाशाला इथे काहीच दिसत नाही. एक लहानसे स्टेशन, आता ब्रॉडगेज झालेले रूळ, पलीकडे पाटकाईचे निळे डोंगर, हवेत कोळशाची बारीक पूड. इथूनच तो प्रसिद्ध रस्ता निघे. १२ जानेवारी १९४५ ला पहिला काफिला लेडोहून सुटला आणि ४ फेब्रुवारीला चीनच्या कुनमिंगला पोहोचला. १,०७९ मैलांचा प्रवास. रस्ता बांधणाऱ्या अमेरिकन सैनिकांत बहुसंख्य काळे होते. त्यांच्याच देशात त्यांना गोऱ्यांच्या शेजारी बसायची मुभा नव्हती. सात-आठ महिन्यांनी युद्ध संपले आणि रस्त्याचे कामही संपले. जंगलाने त्याचा बराच भाग परत घेतला.

स्टेशनाजवळच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. टपरीवाल्या पोराला विचारले, "ह्या रस्त्याचे कोणी विचारायला येतात का?" तो म्हणाला, "येतात कधीकधी गोरे लोक. फोटो काढतात. आमच्याकडचे कोणी येत नाही."

हा लेख लिहिण्याचे कारण खरे म्हणजे ते वाक्य. ह्या मार्गावर झालेले काम मोठे होते आणि त्याने देश वाचला ह्यात संशय नाही. कोहिमा टिकले ते रुळांवर सरकारी मालाला आधी सोडल्यामुळे. मैमनसिंगचे ते पोते धक्क्यावर पडून राहिले तेही त्याच कारणाने. ह्यांपैकी एक गोष्ट सांगून दुसरी झाकता येत नाही. आणीबाणीत कोणालातरी थांबावे लागते, हे प्रत्येक घराला समजते. पण थांबणारा किती वेळ तग धरील, हे पाहणेही हुकूम देणाऱ्याचेच काम असते. १९४३ च्या उन्हाळ्यात ते कोणी पाहिले नाही.

वाचकांपैकी कोणाला आसामकडे जायचा योग आला, तर काझीरंग्याचा गेंडा पाहावाच, कामाख्येला जावेच, पण दोन दिवस हाताशी ठेवून तिनसुकियाहून लेडोची गाडीही धरावी. थंडीत जावे, सोबत शाल असावी. वाटेत लमडिंगला गाडी बराच वेळ थांबते. तेवढ्यात खाली उतरून फलाटाच्या टोकापर्यंत जावे आणि यार्डात उभ्या असलेल्या वाघिणींवरचे नंबर एकदा वाचावेत. एके काळी ते कोणाला तरी झोपेतही पाठ होते.